चीनमध्ये जाऊन वेबसाइट तपासायची आहे आणि तिथल्या स्वयंसेवकांना भेटायचंय, काय काय डोक्यात ठेवू?

उनाड_पाखरू
नमस्कार मंडळी. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टर, आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात उभी राहून पाणपक्षी मोजणारी बाई. एका छोट्या आंतरराष्ट्रीय एनजीओसाठी (नाव मुद्दाम लिहीत नाही) फुकटात काम करते. किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांच्या नोंदी लोकांनी आमच्या वेबसाइटवर भरायच्या आणि आम्ही त्या नीट लावून अभ्यासकांना द्यायच्या, इतकं साधं काम. भारत, थायलंड, मलेशिया इथून बऱ्यापैकी नोंदी येतात. चीनमधून मात्र नोंदी कमी आणि तक्रारीच्या मेल जास्त. कोणाचं पान उघडत नाही, कोणाचं उघडतं पण शेवटचं बटणच दाबलं जात नाही. आम्ही इथे उघडून बघतो तर सगळं झकास! आणि पीत समुद्राचा किनारा म्हणजे सैबेरिया-अलास्काकडे जाणाऱ्या लाखो पक्ष्यांचा मोठा थांबा, नेमका तोच रकाना आमच्याकडे रिकामा.

तर संस्थेने ठरवलं की कोणीतरी जाऊन प्रत्यक्ष बघा एकदा, आणि मीटिंगमध्ये हात वर करणारी मी एकटीच निघाले. एप्रिलअखेर जायचा बेत आहे, शांघाय आणि तिथून वर च्यांग्सू प्रांतात येनछंगच्या किनाऱ्यावर. स्वयंसेवकांशी आजवर फक्त मेलवर बोलणं झालंय. सिम कोणतं घेऊ, व्हीपीएन लागेल का, व्हिसा कुठला, आणि मी अंडं खाते पण मांस-मासे नाही तर जगेन का, सगळंच सांगा. चिनी भाषा शून्य.

बंड्या००७
पहिला!
वेबसाइटच चायनात बनवून घ्यायची होती ना ताई, स्वस्तात पडली असती. गॅरंटी फक्त मागू नका.

निवांत_काका
बंड्या, तू हा प्रतिसाद ज्या फोनवरून टाकलास तो उलटा करून बघ कुठे बनलाय ते.

पाखरूताई, व्हिसाचं सांगतो. नुसतं फिरायला एल, धंद्याच्या कामाला एम, आणि बिगरव्यापारी भेटीगाठी, अभ्यासदौरा अशासाठी एफ. एफला तिथल्या कोणाचं तरी निमंत्रणपत्र लागतं. मुंबईत व्हिसा सेंटर आहे, अर्ज ऑनलाइन भरून मग जायचं, विमान-हॉटेलचं बुकिंग जोडायचं. २०२० ला बंद पडलेली थेट विमानं आता परत सुरू झालीत, पहिलं २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकात्याहून ग्वांगचौला गेलं. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याने मला विचाराल तर हाँगकाँगवरून जावं, सोपं पडतं.

आणि १ मेच्या आसपास त्यांची कामगारदिनाची मोठी सुट्टी असते. सगळा देश एकदम रेल्वेत बसतो. तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. ते दिवस टाळा.

फोडणीची_पोळी
काका सगळीकडे जाऊन आलेत 😀

शांघायस्थ
मी इथे बरीच वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. ताई, तुमच्या प्रश्नांतला सिमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही सहज विचारून टाकलाय म्हणून नीट लिहिते.

भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा इथे उतरला की आपलं भारतीय सिम रोमिंगवर टाकतो, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, गूगल चालतं, यूट्यूब चालतं, मग मला फोन करून सांगतो, "अगं इथे काही बंद नाहीये, उगीच बोंबाबोंब." बंद असतं हो, पण तुमच्यासाठी नसतं. रोमिंगवरचा डेटा आधी तुमच्या भारतातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर पडतो. म्हणजे तुम्ही उभ्या शांघायमध्ये, पण नेटच्या दृष्टीने अजून पुण्यातच. विमानतळावर किंवा ऑनलाइन मिळणारी पर्यटकांची बरीचशी ई-सिमंही अशीच, हाँगकाँग नाहीतर सिंगापूरमार्गे जाणारी. त्यावर तुमची साइट तपासलीत तर तुम्ही पुण्यात घरी बसून जे तपासलं तेच परत तपासणार, फक्त विमानभाडं भरून.

म्हणून दोन सिम ठेवा. घरी बोलायला रोमिंग. तपासायला इथलं लोकल सिम, ते पासपोर्ट दाखवून आणि दुकानात चेहऱ्याचा फोटो काढून मिळतं. शिवाय हॉटेलचं वायफाय, तेही लोकलच असतं. व्हीपीएन लावून तपासण्यात तर काही अर्थच नाही, तुमचे स्वयंसेवक तो लावून बसलेले नसतात, आणि परवानगी नसलेले व्हीपीएन इथे बेकायदेशीर आहेत हेही लक्षात असू द्या.

नेटका_नाम्या
शांघायस्थ यांना दंडवत. हे इतकं स्वच्छ कोणी सांगत नाही.

मी वेब डेव्हलपर, त्यामुळे माझे दोन पैसे. तुमची साइट बंद केलेली असेलच असं नाही. बहुतेक वेळा छोट्या एनजीओच्या साइटकडे कोणाचं लक्षही नसतं, ती आडवी पडते ती तिच्या पाहुण्यांमुळे. म्हणजे पान तुमच्या सर्व्हरवरून येतं पण त्यात फॉन्ट गूगलचा, नकाशा गूगलचा, व्हिडिओ यूट्यूबचा, "मी रोबो नाही" हा चौकोन गूगलचा, आकडेवारी गूगलची. ब्राउजर वरून खाली वाचत जातो, मध्येच एक स्क्रिप्ट अशी लागते की जी येतच नाही, मग तो वाट बघत बसतो. तेवढा वेळ माणसाला दिसतं पांढरं पान. कंटाळून तो बंद करतो आणि तुम्हाला मेल टाकतो की उघडत नाही. तुम्ही इथे उघडता तर एका सेकंदात.

बटण दाबलं न जाणं तर नक्की त्या रोबोच्या चौकोनामुळे असणार. चौकोन आलाच नाही तर त्यातून मिळणारं टोकन येत नाही, टोकन नाही तर बटण राखाडीच राहतं. गूगलने त्याच कॅप्चासाठी रीकॅप्चा डॉट नेट हा दुसरा पत्ता ठेवलाय, गूगल डॉट कॉम जिथे पोचत नाही तिथे तो वापरायचा असं त्यांच्याच कागदपत्रांत आहे. पण माझं मत, कॅप्चा काढूनच टाका. पक्ष्यांच्या नोंदी चोरून भरायला कोण रोबो येतोय!

जाण्याआधी एक करा. ब्राउजरच्या डेव्हलपर टूल्समध्ये गूगलचे सगळे पत्ते ब्लॉक करून आपली साइट घरी बसून उघडा. निम्मे रोग इथेच सापडतील. उरलेले निम्मे तिथे जाऊनच.

कुजकट_काकडी
मग साइट सरळ चीनमधल्या सर्व्हरवरच का ठेवत नाहीत? प्रश्नच मिटला.

नेटका_नाम्या
@काकडी, मिटत नाही, नवा सुरू होतो. चीनच्या मुख्य भूमीतल्या सर्व्हरवर साइट ठेवायची तर सरकारदरबारी आयसीपी नोंदणी लागते, तो नंबर पानाच्या तळाशी छापावा लागतो. तिथे नोंदलेली कंपनी किंवा संस्था नसेल तर विदेशी एनजीओला ते मिळणं अवघड. म्हणून लोक हाँगकाँग नाहीतर सिंगापूरला सर्व्हर ठेवतात. चिनी सरकारच्या इंटरनेटबंदीच्या भिंतीच्या बाहेरच पण जवळ, इतकंच.

कायदेबाज
धागा तांत्रिक चाललाय, म्हणून कंटाळवाणी बाजू मी मांडतो. चीनमध्ये १ जानेवारी २०१७ पासून विदेशी एनजीओंसाठी वेगळा कायदा लागू आहे. त्यांचा कारभार सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे, म्हणजे सरळ भाषेत पोलीस खात्याकडे. विदेशी संस्थेला तिथे काही "उपक्रम" करायचा तर एकतर नोंदणी केलेलं प्रतिनिधी कार्यालय हवं, नाहीतर चिनी भागीदार संस्थेने आधी, किमान १५ दिवस आधी, तात्पुरत्या उपक्रमाची नोंद करायला हवी. त्या देशात निधी गोळा करायला बंदी. सभासद करून घ्यायलाही बंदी.

याचा अर्थ चार पक्षीवेड्यांबरोबर चहा पिऊ नये असा नाही. पण "स्वयंसेवक मेळावा" असा बॅनर लावून हॉटेलचा हॉल घ्यायचा, टीशर्ट वाटायचे, सभासद फॉर्म भरून घ्यायचे हे प्रकार भागीदाराशिवाय करू नका. तुमच्या संस्थेने वकिलाला विचारलंय का? आणि साइटवर "देणगी द्या" असं बटण असेल तर चिनी पानावरून ते उतरवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही नकाशावर टाचण्या टोचून जागा नोंदवता ना? परदेशी माणसाने परवानगीशिवाय तिथे सर्वेक्षण-मोजणी करणं, कोऑर्डिनेट गोळा करणं हे त्यांच्या सर्वेक्षण कायद्यात बसत नाही. जीपीएस लॉगर गळ्यात अडकवून समुद्राच्या बांधावर फिरू नका. ड्रोन तर विसराच.

कुजकट_काकडी
एवढं सगळं ऐकल्यावर मी तर थायलंडलाच गेले असते.

ठाणेखाडी
कायदेबाजांनी नको तितकं घाबरवलंय असं वाटतं. आमच्या ग्रुपमधले लोक तिथे पक्षी बघायला जाऊन आलेत, दुर्बिणी, स्कोप, मोठ्या लेन्स घेऊन, कोणी हटकलं नाही. उलट स्थानिक पोरांनी बिस्किटं दिली.

कायदेबाज
पक्षी बघणं वेगळं आणि विदेशी संस्थेच्या वतीने माहिती गोळा करणं वेगळं. मी बिस्किटांच्या विरोधात नाही.

शांघायस्थ
दोघांचंही बरोबर आहे. रोजच्या जगण्यात कोणी अंगावर येत नाही. पण ताईंना काही झालं तरी त्या विमानात बसून परत जातील, राहणार ते स्वयंसेवक. त्यांना अडचण होईल असं काही करू नका.

नाशिकची_द्राक्षं
नकाशाचा विषय निघाला म्हणून. तिथले नकाशे मुळातच सरकवलेले असतात हे माहितीये का? आपल्या जीपीएसची पद्धत डब्ल्यूजीएस-८४, त्यांचे नकाशे कायद्याने जीसीजे-०२ या पद्धतीवर, त्यात प्रत्येक जागा मुद्दाम काहीशे मीटर इकडेतिकडे होते. गाओद, टेन्सेंट ही तिथली नकाशाची अ‍ॅप सगळी त्यावर, बायडूने त्यावर आणखी स्वतःचा एक घोळ घातलाय. माझं काम जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) आहे, एकदा चीनमधल्या गोदामांची यादी आली होती, उपग्रहाच्या चित्रावर टाकली तर निम्मी गोदामं रस्त्याच्या मधोमध.

उनाड_पाखरू
थांबा थांबा. आमच्याकडे येनछंगच्या ज्या थोड्याफार नोंदी आहेत त्यांतल्या बऱ्याच समुद्रात पडतात! आम्ही समजत होतो की स्वयंसेवकांना टाचणी नीट टोचता येत नाही 😳

नाशिकची_द्राक्षं
शांघायच्या पट्ट्यात सरक साधारण पूर्वेला नि थोडी दक्षिणेला असते. आणि तुमच्या किनाऱ्याची पूर्व म्हणजे समुद्रच की.

बंड्या००७
बदकं असतील तर समुद्रातच असतात ना मॅडम.

ठाणेखाडी
बंड्या, भरतीच्या वेळी हे पक्षी बांधाच्या आतल्या बाजूला येऊन बसतात, पाणी उतरलं की बाहेर चिखलावर. पाचशे मीटरने टाचणी हलली तर विसाव्याची जागा आणि चरायची जागा यांची अदलाबदल होते. तुतवार आहेत ते, बदकं नव्हेत.

हिंगाष्टक
सगळं झालं, पण खाण्याचं कोणी बोललं का? मी शाकाहारी, आठवडाभर ग्वांगचौत काढलाय. ठेपले न्या. तिखटमीठ पुऱ्या न्या. मेतकूट न्या. गरम पाणी मात्र जिथे तिथे मिळतं, हॉटेलात किटली, रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ. रेडी-टू-ईट पोहे, उपमा नेलात तर राज्य.

शांघायस्थ
ठेपले आणाच (थोडे मलाही 😀) पण इतकं काही उपाशी मरायला होत नाही. टोमॅटो-अंडं घरोघरी करतात, तुम्हाला चालेल. बटाट्याचा कीस मिरची-व्हिनेगरवर परतलेला, वांगं, पालेभाज्या लसणावर. अडचण अशी की भाजी "शाकाहारी" म्हणून मागवलीत तरी त्यात ऑयस्टर सॉस नाहीतर खिमा भुरभुरलेला निघतो, त्यांच्या लेखी तो मसाला. "वो छ्र सू" म्हणा, आणि मोबाइलवर चिनीत लिहून ठेवा की मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस काही नको. बौद्ध मंदिरांच्या जवळ शुद्ध शाकाहारी हॉटेलं सापडतात.

पैशांचं: अलीपेला व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, २०० युआनच्या आतल्या खर्चावर जादा पैसे कापत नाहीत, वर गेलं की ३ टक्के. ओटीपी भारतीय नंबरवर येणार, म्हणून रोमिंग चालू हवं. आणि पॉवरबँक! देशांतर्गत विमानात ३सी असा (चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा) शिक्का नसलेली पॉवरबँक २८ जून २०२५ पासून नेऊ देत नाहीत. रेल्वेनेच फिरणार असाल तर प्रश्न नाही.

सोलापूरकर
थोडं अवांतर. वेळ मिळाला तर शिच्याच्वांगला जाऊन या. आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. १९३८ ला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक पाठवलं होतं त्यात ते होते, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय फक्त ३२. बेजिंगहून जलद रेल्वेने तासा-सव्वा तासावर आहे. सोलापूरहून आलोय म्हटलं तर अजून लोक हात जोडतात असं आमचे एक मामा सांगतात, खरंखोटं तेच जाणोत.

निवांत_काका
त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव कोणी घेत नाही.

फोडणीची_पोळी
शांघायहून शिच्याच्वांग म्हणजे हजार किलोमीटरवर आहे हो काका. ताई पक्षी बघायला चालल्यात.

उनाड_पाखरू
सगळ्यांना धन्यवाद! एक अडलंय. स्वयंसेवक म्हणतात वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) या, मेल आम्ही बघत नाही. माझ्याकडे वीचॅट नाही.

नेटका_नाम्या
कसं असेल, २९ जून २०२० ला आपल्या सरकारने ५९ अ‍ॅप बंद केली त्यात वीचॅट होतं. त्यांच्या भिंतीला नावं ठेवताना आपलीही एक छोटी भिंत आहे हे विसरू नये.

कुजकट_काकडी
हो का? गलवानमध्ये काय झालं होतं तेही विसरू नये. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

नेटका_नाम्या
कारण बरोबर की चूक ते मी बोललोच नाही. स्वयंसेवक इकडून गाठता येत नाही, एवढंच म्हटलं.

निवांत_काका
राजकारणाला दुसरा धागा काढा. इथे इनो ठेवलंय, ज्याला लागेल त्याने घ्या.

शांघायस्थ
ताई, इथे उतरून लोकल सिमच्या नंबरवर खातं उघडा. नवं खातं काढताना जुन्या वापरकर्त्याने क्यूआर स्कॅन करून तुमची ओळख पटवावी लागते, ते मी करून देईन. ठेपल्यांच्या बदल्यात.

उनाड_पाखरू
मंडळी, परत आले! बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले म्हणून इथेच लिहिते, लांब होईल.

सुरुवात शांघायस्थच्या घरी ठेपले पोचवून आणि वीचॅट उघडून झाली. त्याच संध्याकाळी हॉटेलच्या वायफायवर साइट उघडली आणि नाम्याने सांगितलेलं पांढरं पान डोळ्यांनी बघितलं. मिनिटभराने एकेक तुकडा येत गेला, नकाशाच्या जागी शेवटपर्यंत राखाडी चौकट. रोमिंगवर तेच पान फटकन. दोन्ही फोन शेजारी ठेवून व्हिडिओ काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला, इतके महिने मेलमध्ये जे समजावता येत नव्हतं ते त्या व्हिडिओने झालं.

पण खरी तपासणी झाली ती माणसांबरोबर. मेळावा वगैरे काही नाही, कायदेबाज निश्चिंत राहा, नूडल्सच्या दुकानात तीन-चार जण जमलो. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या आसपास, चष्मा कपाळावर, पिशवीत भरती-ओहोटीचं कागदी वेळापत्रक. त्यांना म्हटलं तुम्ही जसं भरता तसं भरा, मी बघते फक्त. त्यांनी ब्राउजर उघडलाच नाही. वीचॅटमध्ये आमची लिंक शोधली, तिथेच बोट ठेवलं. तिथल्या तिथे आतल्या आत पान उघडतं, वीचॅटचा स्वतःचा ब्राउजर. आमच्या जुन्या लिंकवर वीचॅटने चक्क "हे पान थांबवलेलं आहे" असा मजकूर दाखवला. नवी लिंक उघडली. मग नाव. चिनी लोकांत आडनाव आधी, नाव मागून, आणि त्यांचं नाव एकाच अक्षराचं. आमचा फॉर्म लाल झाला: नाव किमान दोन अक्षरांचं हवं! मग त्या एकाच अक्षराला दोनदा लिहून पुढे गेल्या. म्हणजे इतकी वर्षं आमच्या यादीत त्या चुकीच्या नावाने आहेत आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

दुसऱ्याने लॅपटॉप आणला होता. चिनी टाइप करताना आधी रोमन अक्षरं टाइप करतात, मग पट्टीतून चिनी अक्षर निवडतात. मध्येच एंटर दाबला की आमचा फॉर्म समजतो झालं काम, आणि अर्धवट नोंद पाठवून मोकळा. आमच्याकडे अर्धवट रोमन अक्षरांच्या ज्या नोंदी कचरा म्हणून फेकल्या जात होत्या त्या या. पडताळणीचा एसएमएस कोणालाच आला नाही. पडताळणीची मेल क्यूक्यू मेल या त्यांच्या मेलसेवेच्या कचराकुंडीत सापडली, ती उघडायला पण त्यांना पासवर्ड आठवेना.

मी विचारलं की मग तुम्ही नोंदी ठेवता कुठे? बाईंनी वीचॅटचा ग्रुप दाखवला. तारीख, जागा, भरतीची वेळ, पक्षी, आकडा, सोबत फोटो. वर वर सरकवत गेले तर संपेचना. आणि ग्रुपमधले बरेच जण त्यांच्याकडच्या पक्षीनोंदींच्या साइटवरही नियमित भरतात. माहिती नव्हती असं नाहीच, ती आमच्याकडे येत नव्हती फक्त.

नेटका_नाम्या
एंटरवाला बग क्लासिक आहे. इझकम्पोझिंग (अक्षर अजून जुळवणं चालू आहे का ते सांगणारी खूण) तपासायचं असतं, कोणी तपासत नाही कारण इंग्रजीत टाइप करणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. देवनागरीलाही काही कीबोर्डवर हाच त्रास होतो.

नाशिकची_द्राक्षं
नकाशाचं काय झालं ते सांगा!

उनाड_पाखरू
येनछंगच्या दक्षिणेला तोंगताय भागात थ्याओझनी म्हणून किनारा आहे, २०१९ ला जागतिक वारशात गेलेल्या किनारपट्टीतला. तिथे बांधाच्या आत ७२० मू, म्हणजे ४८ हेक्टर जागा भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसायला २०२० मध्ये मुद्दाम तयार केलीय. आधी ती मत्स्यशेती होती. भरती चढायला लागली तशी बाहेरच्या चिखलावरून पक्ष्यांचे थवेच्या थवे उठून आमच्या डोक्यावरून आत आले, आणि ते सगळे स्वयंसेवक एकदम गप्प होऊन मोजायला लागले, हातात ते टिकटिक करणारं काउंटर.

जागेचे आकडे कुठून घेता विचारलं, तर गाओदच्या नकाशावर बोट दाबून जो येतो तो. म्हणजे द्राक्षांनी सांगितलं तेच. गणित करून मागे सरकवता येतं, पण कोणत्या नोंदी फोनच्या जीपीएसवरून आल्या आणि कोणत्या गाओदवरून, ते आता कोण सांगणार.

शेवटी त्या बाईच म्हणाल्या (एक विद्यार्थी इंग्रजीत सांगत होता) की आम्ही ठरलेल्या जागांवरच तर मोजतो, मग नकाशा हवाच कशाला, जागांच्या नावांची यादी द्या, त्यातून निवडतो. आमच्या डिझाइनरने दोन महिने घालून केलेला नकाशा त्या बाईंनी नूडल्स खाता खाता काढून टाकला.

कायदेबाज
बाईंना माझा नमस्कार सांगा. कोऑर्डिनेट जाणं बंद, मोजणीचा प्रश्नही बंद. नकाशा गेला म्हणजे सीमारेषांची भानगडही गेली. आपल्याकडे भारताचा चुकीचा नकाशा छापणं गुन्हा, त्यांच्याकडे त्यांचा, आणि दोन्ही बरोबर असा एक नकाशा अस्तित्वातच नाही. देशांच्या यादीकडेही बघा. २०१८ च्या जानेवारीत मॅरियट हॉटेलांची चिनी साइट आठवडाभर बंद ठेवायला लावली होती, एका प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाऊ, तैवान हे देश म्हणून दिले होते म्हणून. तुम्हाला देश विचारायची गरजच नसेल तर विचारू नका. फोन नंबरही घेऊ नका, १ नोव्हेंबर २०२१ पासून तिथे वैयक्तिक माहितीचा कायदा आहे आणि माहिती देशाबाहेर नेण्यावर त्यात अटी आहेत. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही.

उनाड_पाखरू
तेच चाललंय. नवा चिनी फॉर्म एका पानाचा: टोपणनाव, जागा, तारीख, पक्षी, आकडा. लॉगिन नाही, कॅप्चा नाही, नकाशा नाही, फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर. सर्व्हर सिंगापूरला हलवलाय. देणगीचं बटण काढलं, त्यावरून संस्थेत थोडी वादावादी झाली, ती असो. आधी विद्यार्थ्याच्या जुन्या शाओमीवर वीचॅटमधून उघडून बघतो, चाललं तरच पुढे.

कुजकट_काकडी
मग हे सगळं मेलवर विचारून नसतं का झालं? विमानाचा खर्च कशाला?

उनाड_पाखरू
मेलवर विचारलं होतं की. "नाव भरताना अडचण येते का?" उत्तर आलं, "नाही, सगळं छान आहे, तुमचे आभार." पाहुण्याला नावं ठेवायची नाहीत म्हणून. शेजारी बसल्याशिवाय ती बाई नाव दोनदा लिहिते हे मला कसं कळणार होतं?

फोडणीची_पोळी
+१. आमच्या ऑफिसच्या सर्व्हेतही सगळे "छान" लिहितात.

हिंगाष्टक
जगलात का नाही ते सांगा.

उनाड_पाखरू
टोमॅटो-अंडं, भात, वांगं. मेतकूट बाईंना इतकं आवडलं की बरणी तिथेच राहिली.

बंड्या००७
तो चमच्याच्या चोचीचा तुतवार दिसला का? तेवढं खरं सांगा.

उनाड_पाखरू
स्कोपमधून, फार लांब, झळांमध्ये थरथरत. सगळे म्हणाले तोच आहे. मी माझ्या यादीत प्रश्नचिन्ह टाकलंय.

ठाणेखाडी
पाखरूताई, ती ठरलेल्या जागांची यादी आपल्याकडेही करा की. ठाणे खाडीत भांडुप पंपिंगला मोजलेले रोहित (फ्लेमिंगो) लोक ऐरोलीला टाचतात, काही तर पार मुलुंड स्टेशनवर. जागांची नावं मी देतो, उरणकडची पण देतो.

उनाड_पाखरू
द्या, व्यनि करा. मराठी नावंच द्या, आणि एकाच जागेला लोक दोन-तीन नावं वापरत असतील तर तीही सगळी लिहा.